चार मते चार पक्षांना देणाऱ्या मतदाराची अडवणूक थांबवा: राज्य निवडणूक आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्र, मुंबई

विषय : बहुसदस्यीय प्रभागात उमेदवार पाहून मते विभागून देणाऱ्या मतदारांच्या अडचणी

महोदय,

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांच्या २,८६९ जागांच्या निवडणुकीसाठी मतदान झाले. मुंबई सोडली, तर उरलेल्या २८ शहरांत मतदाराला एकापेक्षा जास्त, बहुतेक प्रभागांत चार मते द्यायची होती. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक जागेला एक मत. ही चारही मते एकमेकांपासून सुटी आहेत. अ जागेला एका पक्षाचा उमेदवार, ब जागेला दुसऱ्या पक्षाचा, क जागेला अपक्ष आणि ड जागेला नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) असे मतदान पूर्णपणे वैध आहे. पण छापील साहित्य, केंद्रातल्या सूचना, मतपत्रिकेची मांडणी आणि मोजणीची पद्धत ही सगळी यंत्रणा एकच चिन्ह चार वेळा शोधणाऱ्या मतदाराला सोयीची आहे. उमेदवार पाहून मते विभागणाऱ्याला ती पावलोपावली अडवते. हे गप्प बसून सोसण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आम्ही मतदान केंद्रांवर काम केलेले कर्मचारी, त्यांना प्रशिक्षण देणारे शिक्षक आणि मोजणीच्या टेबलावर बसलेले सहायक आहोत, आणि सगळेच बहुसदस्यीय प्रभागांतले मतदार आहोत. आमच्यापैकी कोणीही कोणत्या पक्षाचे पदाधिकारी नाही. शहराचा नगरसेवक नीट निवडला गेला नाही, तर पाणी, कचरा, ड्रेनेज आणि रस्त्याचे प्रश्न घेऊन पाच वर्षे कोणाकडे जायचे, हा आमचाही प्रश्न आहे.

प्रभाग किती सदस्यांचा असावा हे आयोग ठरवत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. मुंबईबाहेरच्या महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा. २०२२ साठी आधी तिघांचा ठरला, सरकार बदलल्यावर पुन्हा चौघांचा झाला. जवळपास प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला नवा हिशेब शिकावा लागला. प्रभागात शक्यतो चार, तीनपेक्षा कमी नाही आणि पाचपेक्षा जास्त नाहीत, ही कायद्यातली तरतूद बदलणे विधिमंडळाचे काम आहे. मात्र मतपत्रिका कशी मांडायची, मतदाराला काय सांगायचे, कर्मचाऱ्याला काय शिकवायचे आणि निकाल कसा जाहीर करायचा, हे संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडए ने आयोगाच्या अधीक्षणाखाली आणि नियंत्रणाखाली दिले आहे. या पत्रातल्या बहुतेक मागण्या त्याच कक्षेतल्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मते विभागून देणारा मतदार गोंधळलेला असतो, त्याला पद्धत कळलेली नसते, असे गृहीत धरून आपल्याकडे बोलले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. १९९९ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेचे मतदान एकत्र झाले. शिवसेना-भाजप युतीने लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा जिंकल्या, आणि विधानसभेच्या २८८ पैकी १२५. हा सगळाच फरक मते विभागल्यामुळे पडला असे नाही. तिरंगी लढती आणि अपक्षही त्यात आहेत. पण दोन सभागृहांसाठी दोन वेगळे विचार करणारे मतदार तेव्हाही होते. नांदेडचे उदाहरण अधिक नेमके आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी तिथे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एकाच दिवशी, एकाच केंद्रात, त्याच मतदारांनी दोन मते दिली. लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या आणि लोकसभेची जागा काँग्रेसने १,४५७ मतांनी जिंकली. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथ नगरपरिषदेत थेट नगराध्यक्ष भाजपचा निवडून आला आणि सर्वाधिक नगरसेवक एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे.

पक्षांनी स्वतः या निवडणुकीत काय केले तेही पाहावे. राज्य सरकारात एकत्र असलेले भाजप आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एकमेकांविरुद्ध लढले. फुटलेल्या दोन राष्ट्रवादी तिथे एकत्र आल्या. शेजारच्या शहरात युती आणि आपल्या शहरात मैत्रीपूर्ण लढत असेल, तर मतदाराने चारही मते एकाच चिन्हाला द्यावीत ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची? पक्षांतरबंदीच्या १९८६ च्या कायद्याने पक्षादेश नगरसेवकाला बांधतो. मतदाराला कोणताही पक्षादेश लागू होत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार मतपत्रिकेची. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी, हा रंगांचा उपाय चांगला आहे. पण उमेदवारांचा क्रम प्रत्येक जागेत स्वतंत्रपणे लावला जातो. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावांचा वर्णानुक्रम. त्यामुळे एकाच पक्षाचा उमेदवार अ मध्ये दुसरा, ब मध्ये पाचवा, क मध्ये पहिला आणि ड मध्ये तिसरा असू शकतो. पक्षाचे कार्यकर्ते यावर तोडगा काढतात. आकडे पाठ करून घेतात, चिठ्ठीवर छापतात, घरोघरी सांगतात. पक्षाला बांधलेल्या मतदाराला आकडा विसरला तरी चिन्ह आठवते, कारण चिन्ह एकच आहे. मते विभागणाऱ्याला चार वेगळी नावे, चार वेगळी चिन्हे आणि चार वेगळे क्रमांक लक्षात ठेवावे लागतात, आणि त्यासाठी त्याच्या हातात अधिकृत असे काहीही नसते. उमेदवार वाटतात त्या नमुना मतपत्रिकेवर वाटणाऱ्याचेच नाव आणि चिन्ह असते, बाकीच्या रांगा कोऱ्या. प्रशासनाकडून येणाऱ्या मतदार चिठ्ठीवर मतदाराचे नाव, यादी क्रमांक आणि केंद्र असते, उमेदवार नसतात. चारही जागांची संपूर्ण यादी एका कागदावर मतदाराला मतदानाआधी मिळतच नाही. ती बऱ्याच जणांना पहिल्यांदा दिसते ती केंद्राबाहेर, रांगेत धक्के खात असताना.

यात यंत्राच्या मर्यादेची भर पडते. एका बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या यंत्राच्या भागावर, ठरावीक बटणे असतात. उमेदवार कमी असतील तर एकाच युनिटवर दोन जागा येतात, जास्त असतील तर एका जागेची यादी दोन युनिटांवर पसरते. दोन्ही वेळा गोंधळ होतो. पहिल्या प्रकारात ब जागेचा पहिला उमेदवार युनिटच्या नवव्या-दहाव्या बटणावर येतो. क्रमांक पाठ करून आलेला मतदार, आणि विशेषतः बोटांनी क्रमांक चाचपणारा अंध मतदार, तिथे चुकतो. दुसऱ्या प्रकारात यादीचा उरलेला भाग पुढच्या युनिटवर आहे हे लक्षात येत नाही, आणि तिथे नेमके अपक्ष असतात, कारण क्रमवारीत ते सगळ्यात शेवटी येतात. एकदा एका जागेचे बटण दाबले गेले की त्या जागेतले दुसरे बटण चालत नाही. म्हणजे चूक झाली तर दुरुस्तीला जागा नाही.

दुसरी तक्रार चुकीच्या माहितीची. 'मते मिसळली तर बाद होतात', 'चारही बटणे एकाच चिन्हाची दाबली नाहीत तर यंत्र स्वीकारत नाही' असे समज प्रत्येक बहुसदस्यीय निवडणुकीत पसरतात आणि पसरवलेही जातात. वयस्क मतदार आणि पहिल्यांदा मत देणारे त्याला बळी पडतात. खरे तर यंत्रावर मत बाद होण्याचा प्रश्नच येत नाही. बटण दाबले की ज्या जागेचे ते बटण, त्या जागेत मत नोंदले जाते, बाकीच्या तीन जागांशी त्याचा काही संबंध नसतो. आयोगाच्या जनजागृतीत 'मतदान करा', 'चारही मते द्या' हे ठळकपणे येते. 'चार मते चार वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांना देता येतात' हे एक वाक्य त्यात तितक्याच ठळकपणे का नसावे? 'चारही मते द्या' एवढेच सांगितले आणि पुढचे वाक्य गाळले, की पक्षाचा कार्यकर्ता ते आपल्या सोयीने पूर्ण करतो.

नोटाचेही तसेच. ज्या मतदाराला तीनच उमेदवार पसंत आहेत, त्याने चौथ्या जागेला नोटाचे बटण दाबायचे असते, कारण चारही जागांची बटणे दाबली जाईपर्यंत मतदान पूर्ण होत नाही. प्रत्येक जागेच्या यादीच्या शेवटी नोटा आहे, पण हे माहीत नसल्यामुळे मतदार चौथ्या जागेला हाताला येईल ते बटण दाबून मोकळा होतो. हे मत कोणाच्या तरी खात्यात जाते आणि निकाल फिरवू शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याच आयोगाने नोटाला काल्पनिक उमेदवार मानून, त्याला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला. देशात असे पाऊल टाकणाऱ्या पहिल्या आयोगांपैकी आपला एक. मग तो नोटा जागेगणिक कसा वापरायचा, हे केंद्राच्या भिंतीवर लिहायला हरकत नसावी.

तिसरी तक्रार मतदान कक्षातली. चार मतांच्या यंत्रावर मतदार एक-दोन बटणे दाबून बाहेर पडतो, शेवटचा लांब आवाज येत नाही, आणि कंट्रोल युनिटजवळचा (मते नोंदवणाऱ्या यंत्राच्या भागाजवळचा) अधिकारी त्याला परत बोलावतो. इथपर्यंत ठीक. पण त्या क्षणी काय बोलायचे याचा ठरलेला मजकूर नसल्यामुळे 'सगळी बटणे दाबा', 'खाली पण दाबा', 'चारी एका लाइनीत' असे काहीही बोलले जाते. समोर पक्षांचे मतदान प्रतिनिधी बसलेले असतात. मतदार आणखी गोंधळतो, किंवा काय दाबले ते मोठ्याने सांगू लागतो, आणि गुप्तता तिथेच संपते. कर्मचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला एका दिवसाच्या प्रशिक्षणात यंत्र जोडणे, सील करणे आणि नमुने भरणे शिकवले जाते. चार जागांच्या मतदाराशी कसे बोलावे हे शिकवले जात नाही.

वेळेचे गणितही पाहावे. २९ महापालिकांत मिळून सुमारे ३.४८ कोटी मतदार आणि ३९ हजारांहून अधिक केंद्रे होती, म्हणजे एका केंद्राला सरासरी ९०० च्या आसपास मतदार. मतदानाची वेळ सकाळी ७.३० ते सायंकाळी ५.३०, दहा तास, म्हणजे ६०० मिनिटे. निम्मे मतदार आले तरी ४५० जणांचे मतदान व्हायला हवे. एकेकाला एक मिनिट लागले तर साडेसात तास जातात. मते विभागणाऱ्याला चार याद्या वाचायला दोन मिनिटे लागली तर रांग तुंबते, मागचे ओरडतात, अधिकारी घाई करतो. घाईत माणूस ओळखीचे चिन्ह दाबतो. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण केंद्रात घडणाऱ्या चुकांचे हे आमच्या मते सर्वात मोठे कारण आहे.

चौथी तक्रार पडताळणीची. लोकसभा आणि विधानसभेला मतदाराला व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत कागदी चिठ्ठीवर दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेतून सात सेकंद आपली चिठ्ठी दिसते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा हा मुक्त आणि निर्भय निवडणुकीचा अविभाज्य भाग असल्याचे म्हटले. महापालिकेला एकाच मतदाराची चार मते असूनही व्हीव्हीपॅट नाही. बहुसदस्यीय पद्धतीसाठी असे यंत्र आणि नियम तयार नाहीत, ही आयोगाची भूमिका आम्ही वाचली आहे. अडचण खरी आहे. पण २०१७ पासून २०२६ पर्यंत नऊ वर्षे गेली. दिवा पेटला म्हणजे मत पडले, इतक्यावर एकाच चिन्हाला चार मते देणारा समाधानी राहू शकेल. चार वेगळ्या जागी चार वेगळे निर्णय घेणाऱ्याला आपण दाबले तेच नोंदले गेले का, हे कळायला हवे.

व्हीव्हीपॅट येईपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल, आणि तिला पैसेही लागत नाहीत. मतदान सुरू होण्याआधी यंत्र तपासण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अभिरूप मतदानात प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी आपल्या पॅनेलची, म्हणजे पक्षाच्या चारही उमेदवारांची, चार बटणे दाबतो. प्रत्येक पॅनेलला प्रत्येक जागेत सारखीच मते पडतात, बेरीज जुळते, सगळे सही करतात. यात एक पळवाट राहते. चुकून दोन जागांची मतपत्रिका अदलाबदल होऊन बसली असेल, किंवा छापलेली ओळ बटणापुढून एक घर सरकली असेल, तर सारख्या आकड्यांमुळे ती चूक लपू शकते. त्याऐवजी मते मुद्दाम विस्कळीत टाकावीत. पहिल्या खेपेला अ-१, ब-२, क-३, ड-४. दुसऱ्या खेपेला अ-२, ब-३, क-४, ड-१. आणि पुढे असेच एकेक घर सरकवत. काही मते नोटाला, आणि प्रत्येक बटणाला वेगळ्या संख्येने. एका प्रतिनिधीने कागदावर नोंद ठेवायची आणि शेवटी जागेगणिक बेरीज ताडायची. आकडे सारखे नसल्यामुळे कोणतीही अदलाबदल लगेच उघडी पडते. एका केंद्रावर याला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील.

पाचवी तक्रार अपक्षांच्या बाबतीत. मते विभागण्याचा सर्वात सामान्य प्रकार म्हणजे तीन मते पक्षाला आणि एक ओळखीच्या, काम करणाऱ्या अपक्षाला. या वेळी अर्ज मागे घेण्याची मुदत २ जानेवारीला संपली, चिन्हे ३ जानेवारीला मिळाली, मतदान १५ ला. म्हणजे अपक्षाच्या हातात चिन्ह पोचवायला बारा दिवस. प्रभाग केवढा? पुण्यात २०११ च्या जनगणनेची ३४.८१ लाख लोकसंख्या १६५ नगरसेवकांत वाटली, तर चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी ८४ हजार लोक येतात. खर्चाची मर्यादा पुण्यासारख्या शहरात उमेदवारामागे १५ लाख रुपये. पक्षाच्या चौघांचे पॅनेल त्याच ८४ हजार लोकांपर्यंत एकाच पत्रकाने, एकाच फेरीने पोचते आणि चौघांची मर्यादा मिळून ६० लाख होते. अपक्षाला तोच प्रभाग, तीच घरे आणि १५ लाखच. खर्चाची मर्यादा वाढवा असे आम्ही म्हणत नाही, त्याने पैसेवाल्यांचेच फावेल. आयोगाने सर्व उमेदवारांची यादी घरोघरी पोचवली, तर ही दरी बरीच कमी होईल.

सहावी तक्रार मांडताना आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते. मोजणी केंद्रनिहाय होते. प्रत्येक कंट्रोल युनिटचा आकडा टेबलावरच्या प्रतिनिधीला दिसतो आणि तो लिहून घेतो. एका केंद्रात एका वस्तीचे, काही वेळा दोन-तीन सोसायट्यांचे मतदार असतात. एका पक्षाला अ, ब आणि ड मध्ये भरभरून मते आणि क मध्ये निम्मी, असे दिसले की 'या गल्लीने क ला दगा दिला' हे संध्याकाळपर्यंत प्रभागभर होते. पुढे त्या गल्लीचे ड्रेनेज आणि पेव्हर ब्लॉक मागे पडतात, झोपडपट्टीत तर उघड विचारणा होते. एकाच चिन्हाला मत देणारा गर्दीत लपतो. मते विभागणारा आकड्यांतून उघडा पडतो. यावर तोडगा माहीत असलेला आहे. अनेक केंद्रांची यंत्रे जोडून एकत्रित बेरीज दाखवणारे टोटलायझर यंत्र वापरण्याचा प्रस्ताव भारत निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला, आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. लोकसभा-विधानसभेसाठी तो रखडला आहे. महापालिका आणि नगरपरिषदांसाठी आपल्या आयोगाने पुढाकार घ्यावा. यंत्र नसले तरी चौदा-पंधरा केंद्रांचा गट करून गटाचाच आकडा जाहीर करता येईल.

इथे एक प्रश्न येईल. केंद्रनिहाय आकडे झाकले तर मतविभागणीचा अभ्यास कसा करायचा? त्यासाठी केंद्रनिहाय आकडे लागत नाहीत, प्रभागनिहाय पुरतात. समजा, एका प्रभागात एका पक्षाच्या चार उमेदवारांना १४,२००, १३,९००, ९,६०० आणि १४,०५० मते पडली. अ जागेला त्या पक्षाला मत देणाऱ्यांपैकी किमान ४,६०० जणांनी क जागेला दुसरे काहीतरी निवडले, हे वजाबाकीने सिद्ध होते. खरी संख्या यापेक्षा जास्तच असणार, कारण उलट दिशेनेही मते फिरतात आणि ती एकमेकांना झाकतात. प्रत्येक मतदाराची चार मते एकत्र जोडून दाखवावीत, अशी मागणी काही अभ्यासक करतात. तिला आमचा विरोध आहे. प्रत्येक जागेला नोटासह आठ पर्याय असले, तर चार जागांच्या ४,०९६ जोड्या होतात. एका केंद्रात मते पाचशेच्या आसपास. पैसे देणारा एखाद्याला ठरावीक विचित्र जोडी दाबायला सांगून यादीत ती जोडी आली का हे तपासू शकेल. म्हणून जोड्या कधीही जाहीर करू नयेत. जागेगणिक बेरीज मात्र सर्वांना, सहज वापरता येईल अशी मिळावी. आज ती बऱ्याच ठिकाणी स्कॅन केलेल्या कागदाच्या चित्रात मिळते, त्यातून आकडे हाताने उतरवावे लागतात.

नगरपरिषदांमध्येही हेच प्रश्न लहान प्रमाणात आहेत. तिथे थेट नगराध्यक्षाचे एक मत आणि प्रभागाची दोन किंवा तीन, नगरपंचायतीत एक आणि एक. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे हा निकाल तिथे वारंवार येतो, तो मतदारांच्या विभागून दिलेल्या मतांचाच परिणाम असतो. पुढच्या मागण्या त्यांनाही लागू आहेत.

आमच्या मागण्या :

१. मतदानाच्या किमान चार दिवस आधी प्रत्येक घरी प्रभागातल्या सर्व जागांची, सर्व उमेदवारांची अधिकृत नमुना मतपत्रिका मतदार चिठ्ठीबरोबर द्यावी. ए-३ आकाराचा एक कागद, दोन बाजूंना दोन-दोन जागा, मतपत्रिकेचेच चार रंग, चिन्हे यंत्रावर दिसतात त्याच आकारात, आणि कोणते नाव कोणत्या युनिटवर आहे हे स्पष्ट. मतदाराला त्यावर खुणा करून तो कागद खिशात घेऊन केंद्रात येण्याची परवानगी असल्याचे त्यावरच छापावे.

२. त्या कागदावर आणि केंद्राबाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत तीन वाक्ये असावीत : प्रत्येक जागेचे मत स्वतंत्र आहे. चार मते एका किंवा वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांना देता येतात, त्याने कोणतेही मत बाद होत नाही. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेच्या यादीतले नोटाचे बटण दाबा. उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा केंद्राबाहेर लावण्याची चांगली पद्धत आयोगाने आणली आहे, हा फलक त्याच्या शेजारी लागावा.

३. एका जागेची यादी शक्यतो एकाच युनिटवर बसवावी. दोन जागा एका युनिटवर असतील तर मध्ये एक कोरी, जाड काळ्या पट्टीची ओळ सोडावी. यादी पुढच्या युनिटवर जात असेल तर शेवटच्या ओळीखाली बाण आणि 'पुढे पाहा' असावे. ब्रेल मतपत्रिकेवर बटणाचा क्रमांक आणि जागेचे अक्षर दोन्ही असावे.

४. बटणे अपुरी दाबून बाहेर येणाऱ्या मतदाराला सांगायचा मजकूर ठरवून द्यावा : 'आपली काही मते बाकी आहेत. ज्या जागेचा दिवा पेटला नाही, तिथे आपल्या पसंतीचे किंवा नोटाचे बटण दाबा.' याखेरीज एक शब्दही बोलू नये, आणि तो केंद्राध्यक्षानेच बोलावा. प्रशिक्षणात याचा प्रत्यक्ष सराव व्हावा.

५. चार सदस्यांच्या प्रभागात एका केंद्राला मतदारांची कमाल संख्या एकसदस्यीय प्रभागापेक्षा कमी ठेवावी.

६. अभिरूप मतदान वर दिल्याप्रमाणे असमान आणि मिश्र पद्धतीने घ्यावे. तशी नोंद केंद्राध्यक्षाच्या प्रमाणपत्रात असावी.

७. बहुसदस्यीय यंत्रासाठी व्हीव्हीपॅट कधी येणार, त्याचे टप्प्यांसह वेळापत्रक जाहीर करावे. नियमात बदल लागत असेल तर शासनाला पाठवलेला प्रस्ताव संकेतस्थळावर ठेवावा.

८. टोटलायझर किंवा केंद्रांचे गट करून मोजणी, यापैकी एक पद्धत ठरवून एखाद्या नगरपरिषदेत तिचा प्रयोग करावा.

९. २०१७ आणि २०२६ या दोन्ही निवडणुकांचे प्रभागनिहाय, जागानिहाय सर्व उमेदवारांचे आणि नोटाचे आकडे तक्त्याच्या स्वरूपात, मराठीत, एकाच ठिकाणी उपलब्ध करावेत.

१०. 'मते मिसळली तर बाद होतात' असा अपप्रचार करणाऱ्या पत्रकांवर आणि संदेशांवर आचारसंहितेखाली कारवाई होईल, असे स्वतंत्र परिपत्रक निवडणुकीची घोषणा होताच निघावे.

यातल्या १, २, ४, ६, ९ आणि १० या मागण्यांना ना नवे यंत्र लागते ना कायद्यात बदल. महापालिकांच्या पुढच्या सार्वत्रिक निवडणुकांना बराच अवधी आहे, त्यामुळे वेळ कमी पडला हे कारण या वेळी आम्हाला मान्य होणार नाही. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य, आणि अमान्य असल्यास कोणत्या नियमामुळे, याचे मुद्देनिहाय लेखी उत्तर आयोगाने संकेतस्थळावर द्यावे. कर्मचारी प्रशिक्षणाचा मजकूर आणि नमुना मतपत्रिकेचा आराखडा तयार करण्याचे काम आम्ही विनामोबदला करायला तयार आहोत. दोन्हींचा कच्चा मसुदा आमच्याकडे आहे, आयोगाने वेळ दिल्यास तो घेऊन येऊ.

आपले,
बहुसदस्यीय प्रभागांतले मतदार, मतदान कर्मचारी आणि प्रशिक्षक